पन्हळीत गोठतो बर्फ, चूक असते माळ्यावर: थंड देशात घर घेतलेल्यांनी हे वाचावं

रत्नागिरी-रायगडच्या आपल्या गावांत मिरगाच्या आधी एक काम ठरलेलं असतं. शिडी लावायची, वळचणीच्या पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, फुटकी कौलं बदलायची. पाऊस सुरू झाल्यावर हे काम होत नाही, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. त्याच घरांतली काही मुलं आज टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, शिकागो अशा ठिकाणी राहतात. नोकरी लागते, काही वर्षांनी अल्लाहच्या मेहरबानीने स्वतःचं घर होतं, आणि पहिल्याच हिवाळ्यात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येतो: "अम्मी, बघ, छपराला बर्फाचे झुंबर लागलेत!"

दिसायला ते खरंच सुंदर असतं. पागोळ्या गळता गळता जागीच गोठल्यासारख्या दिसतात. पण ते झुंबर बरंचदा आजाराचं लक्षण असतं. आठ-पंधरा दिवसांनी त्याच घरातून दुसरा फोन येतो: बेडरूमच्या छताला पिवळट डाग पडलाय, भिंतीचा रंग फुगलाय, आणि बाहेर पाऊस तर नाही. मग पाणी आलं कुठून?

या लेखात आम्ही ते पाणी कुठून येतं, ते थांबवायला काय करावं आणि काय अजिबात करू नये, हे सांगणार आहोत. उदाहरणं मुख्यतः कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातली आहेत. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतही घरं साधारण तशीच असतात, त्यामुळे तिथल्या कुटुंबांनाही हे लागू पडेल.

आधी एक शब्द स्पष्ट करू. तिकडे लोक "गटर" म्हणतात तेव्हा आपल्याकडचं रस्त्याकडेचं गटार त्यांच्या मनात नसतं. छपराच्या कडेला लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पन्हळीला ते गटर म्हणतात. तिथून पाणी खाली आणणारा उभा पाइप असतो, त्याला डाउनस्पाउट म्हणतात. आम्ही इथे पन्हळ आणि उभा पाइप असेच शब्द वापरू.

बर्फ होतो कसा?

पन्हळीत बर्फ साचण्याची दोन कारणं आहेत. दोन्ही वेगळी आहेत आणि दोन्हींचे उपायही वेगळे.

पहिलं कारण साधं. शरद ऋतूत मेपलसारख्या झाडांची पानं गळतात, पन्हळीत साचतात आणि उभ्या पाइपाचं तोंड बंद होतं. त्यावर पाऊस पडला की पाणी तिथेच उभं राहतं आणि पहिल्या कडाक्याच्या रात्री गोठतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. त्यामुळे सांधे उघडतात, उभा पाइप शिवणीवर फाटतो. वजनाचाही हिशेब बघा. पाच इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल पन्हळ काठोकाठ गोठली, तर दर मीटरला सात-आठ किलो बर्फ होतो. दहा मीटरच्या पन्हळीवर सत्तर-ऐंशी किलो. एक मोठा माणूस पन्हळीला लटकल्यासारखंच झालं. मग ती खिळ्यांतून निखळली तर नवल काय?

दुसरं कारण लवकर लक्षात येत नाही, आणि नुकसान जास्त तेच करतं. घर आतून गरम असतं. गरम हवा वर चढते आणि छताच्या फटींतून माळ्यात शिरते. माळा तापला की वरचं छप्पर आतून कोमट होतं. छपरावर फूट-दीड फूट बर्फ असेल तर तो गोधडीसारखं काम करतो आणि बाहेरची थंडी छपरापर्यंत पोचू देत नाही. त्यामुळे बाहेर उणे पाच किंवा उणे आठ अंश असतानाही बर्फाचा सगळ्यात खालचा थर वितळायला लागतो. ते पाणी बर्फाखालून गुपचूप उताराने वळचणीकडे येतं. पण वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली गरम खोली नसते, म्हणून ती थंडगार असते. पाणी तिथे आलं की गोठतं. रोज थोडं थोडं गोठत कडेला बर्फाचा बांध तयार होतो. मग मागून येणाऱ्या पाण्याला वाट राहत नाही. ते बांधामागे तुंबतं, शिंगलांच्या खाली उलटं चढतं आणि खिळ्यांच्या भोकांतून घरात उतरतं.

आपली कौलं काय किंवा तिकडची शिंगलं काय, वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी बनवलेली असतात. मागे तुंबून चढणारं पाणी ती अडवू शकत नाहीत. छताला पिवळा डाग पडतो तो या पाण्याचा.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. पन्हळ काढून टाकली तरी हा बांध थांबत नाही. पन्हळ नसलेल्या घरांवरही तो होतो. बर्फ दिसतो बाहेर, पण त्याचं कारण घराच्या आत आहे. दरवर्षी पन्हळीशी झटापट करणं आणि माळ्याकडे न बघणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आपलं घर कुठे गळतंय, हे ओळखा

यासाठी आधी पैसे खर्चायची गरज नाही. बर्फ पडल्यानंतर एक-दोन दिवसांनी रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि आपलं छप्पर शेजाऱ्यांच्या छपरांशी ताडून पाहा. त्यांची छपरं पांढरीशुभ्र आणि आपल्यावर मधेमधे काळे पट्टे दिसत असतील, तर तिथून आपल्या घरातली ऊब बाहेर जातेय. लांब सुळे एकाच जागी लोंबत असतील, तर त्या जागेच्या वर माळ्यात काहीतरी उघडं आहे.

नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. माळ्यावर जायचं झाकण, ज्याच्या कडेला रबराची पट्टी नसते. छतात बसवलेले गोल दिवे. बाथरूमच्या पंख्याची नळी. सांडपाण्याचा उभा पाइप छतातून वर जातो तिथली फट. धुराड्याभोवतीची मोकळी जागा. भिंतींच्या माथ्यावर वायरी वर जातात ती भोकं. एकेक फट लहान वाटते, पण सगळ्या मिळून एक खिडकी हिवाळाभर उघडी ठेवल्यासारखं होतं.

आपल्या घरांत एक गोष्ट जास्त असते, ती म्हणजे वाफ. तासन्‌तास बिर्याणीला दम, मोठ्या पातेल्यात उकळणारा चहा, घरात सहा-सात माणसं, प्रत्येकाची आंघोळ, वुजू. ही दमट हवा माळ्यात गेली तर छपराच्या लाकडाला आतून दहिवरासारखी चिकटून गोठते आणि ऊन पडल्यावर टपटप गळते. म्हणून स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा पंखा घराबाहेर हवा सोडतो की माळ्यातच, हे नक्की बघा. जुन्या घरांत नळी माळ्यात तशीच उघडी सोडलेली सापडते. ती छपराबाहेर किंवा भिंतीबाहेर न्यायला हवी, आणि माळ्यातून जाणाऱ्या तिच्या भागाला ऊबदार वेष्टण हवं. आंघोळीनंतर पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या.

माळ्याचं काम: आधी फटी, मग गादी, मग हवा

क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ लोक थेट इन्सुलेशनची जाड गादी टाकून मोकळे होतात. पण खालच्या फटी उघड्या राहिल्या तर गरम हवा गादीतून वाट काढून वर जातेच.

पहिलं काम फटी बुजवण्याचं. लहान फटींना सीलंट, मोठ्या भोकांना फोम, झाकणाला पट्टी आणि वरून इन्सुलेशनचा तुकडा. मात्र धुराडं आणि भट्टीचा गरम पाइप यांच्याजवळ साधा फोम वापरू नका. तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंटच लागतं. जुन्या पद्धतीचे गोल दिवे इन्सुलेशनखाली झाकू नका, ते तापतात. आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

दुसरं काम गादीचं. इन्सुलेशन किती ऊब अडवतं ते "आर" या आकड्याने मोजतात. ऑन्टारियोत नव्या घरांच्या माळ्यासाठी साधारण आर-६० धरतात. जुन्या घरांत आर-२० किंवा त्याहून कमी सापडतं. कागदापासून बनवलेलं सेल्युलोज मशिनने फुंकून टाकतात. ते इंचाला साडेतीनच्या आसपास आर देतं, म्हणजे आर-६० साठी सोळा-सतरा इंचांचा थर लागतो. पट्टी घेऊन माळ्यात डोकवा. पाच-सहा इंचच दिसलं तर उत्तर मिळालंच.

तिसरं काम हवेचं. वळचणीच्या खालच्या बाजूला छिद्रांच्या पट्ट्या असतात, त्यांना सॉफिट म्हणतात. तिथून थंड हवा आत येऊन छपराच्या माथ्यावरच्या छिद्रांतून बाहेर जायला हवी. तसं झालं तर छप्पर सगळीकडे सारखं थंड राहतं आणि बर्फ मधेच वितळत नाही. इन्सुलेशन टाकताना ही छिद्रं बुजली जातात, ही नेहमीची चूक आहे. कंत्राटदाराला आधीच सांगा की वळचणीजवळ हवेची वाट मोकळी ठेवणारे पुठ्ठे किंवा प्लास्टिकचे पन्हाळे लावल्याशिवाय गादी टाकायची नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. १९९० च्या आधीच्या घरांत माळ्यावर अभ्रकासारखे चमकणारे, खड्यांसारखे हलके दाणे पसरलेले दिसले, तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा धोका असतो. त्याला हात लावू नका, झाडू नका, मुलांना वर पाठवू नका. तपासणी करून घ्या आणि मगच पुढचं काम.

या कामाला पैसे लागतात, हे खरं. पण हिशेब एका हिवाळ्याचा करू नका. हीच गळणारी ऊब दर महिन्याच्या गॅसच्या बिलातही दिसते. आपल्या दीनात इसराफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत आहे. पैसे देऊन घर तापवायचं आणि ती ऊब छपरातून आभाळात सोडायची, हाही इसराफच आहे. घराची ऊर्जा-तपासणी करणारे जाणकार तिथे मिळतात. प्रांत, शहर किंवा गॅस कंपनीची एखादी अनुदान योजना चालू आहे का, हे काम सुरू करण्याआधी विचारा, कारण अशा योजनांत बरंचदा आधी तपासणी लागते.

पन्हळीचं काम: पानं गळाल्यावर, बर्फ पडण्याआधी

कोकणात मिरग, तर ऑन्टारियोत नोव्हेंबर. सगळी पानं गळेपर्यंत थांबा, पण पहिला मोठा बर्फ पडायच्या आत काम उरका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पन्हळ साफ करून निर्धास्त बसलात तर निम्मी पानं अजून झाडावरच असतात.

पानं काढून झाली की बागेचा पाइप लावून पन्हळीत पाणी सोडा आणि बघा. पाणी उभ्या पाइपाकडे सरकतंय की मधेच तळं होतंय? दर दहा फुटांना पाव इंच तरी उतार हवा. मधे झोळ पडला असेल तर तिथला आकडा बदला. आकडे साधारण दोन फुटांवर असतात, बर्फाच्या मुलखात त्याहून जवळ असले तर बरं. खिळे ढिले झाले असतील तर स्क्रूचे आकडे लावून घ्या. पन्हळीवर जाळी लावली तर पानं अडतात, पण बर्फाचा बांध जाळीने थांबत नाही. विक्रेत्याने तसं सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. पावसाचं पाणी साठवायला पिंप ठेवलं असेल तर ते हिवाळ्यापूर्वी रिकामं करून बाजूला करा.

शिडीचे नियम साधे आहेत. दर चार फूट उंचीला पाय भिंतीपासून एक फूट लांब. खाली धरायला एक माणूस. शिडी पन्हळीवर टेकवू नका, ती चेपते आणि शिडी घसरते. विजेच्या तारांपासून किमान तीन मीटर लांब राहा. दोन मजली घर असेल, किंवा घरात धरायला कोणी नसेल, तर माणूस बोलवा. चार पैसे वाचवायला शिडीवरून पडलेला माणूस महिनोन्‌महिने कामावर जाऊ शकत नाही.

पाणी जातं कुठे? इथे शेजाऱ्याचा हक्क येतो

टोरोंटोत पन्हळीचा उभा पाइप थेट शहराच्या भूमिगत गटाराला जोडायला मनाई आहे. जोरदार पावसात ती गटारं भरून लोकांच्या तळघरांत पाणी उलटायचं, म्हणून शहराने २०११ पासून टप्प्याटप्प्याने हा नियम आणला आणि डिसेंबर २०१६ पासून तो सगळ्या शहराला लागू झाला. नियम चांगला आहे, पण त्याचा अर्थ असा की आता छपराचं पाणी आपल्याच अंगणात जमिनीवर पडतं. दुपारी उन्हाने वितळलेलं पाणी उभ्या पाइपातून पायवाटेवर येतं आणि मगरिबनंतर त्याची काच होते.

म्हणून पाइपाच्या खालच्या टोकाला जोड लावून पाणी पायापासून साधारण दोन मीटर लांब, गवतावर किंवा बागेत सोडा. ते आपल्या दारासमोर, फुटपाथवर किंवा शेजाऱ्याच्या भिंतीकडे जाता कामा नये. जोडघरांत आणि ओळघरांत हे विशेष बघावं लागतं, कारण दोन घरांमधली वाट हातभरच असते. जुन्या घरात पाइप जमिनीखाली जाऊन तिथेच गोठत असेल, तर तो जमिनीच्या वर तोडून कोपरा लावून घ्या.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं ही आपल्याकडे नेकी मानली जाते. काटा किंवा दगड बाजूला करताना ते आपल्याला आठवतं. थंडीच्या देशात तो काटा म्हणजे आपल्याच पन्हळीतून आलेला पारदर्शक बर्फ. आणि तो आपणच टाकलेला असेल, तर काढणं ही नेकी नाही, कर्ज आहे.

पुढची काही वर्षं रमजान हिवाळ्यातच येणार आहे. २०३० मध्ये तर जानेवारीच्या सुरुवातीला एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा रमजान सुरू होईल. म्हणजे तरावीहहून परतणारी माणसं, पहाटे फजरला निघणारे अब्बा, इफ्तारीची ताटं घेऊन शेजारी जाणारी मुलं, सगळे अंधारात त्याच पायऱ्यांवरून जाणार. सुपर व्हिसावर गावाहून आलेल्या अम्मी-अब्बांना या बर्फाची सवय नसते. त्यांना तो ओला फरशीचा तुकडा वाटतो. सत्तरीत खुब्याचं हाड मोडलं तर माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेल याची खात्री नसते. रात्री तरावीहला जाण्यापूर्वी दाराच्या पायऱ्यांवर मीठ किंवा वाळू टाका आणि वर बघा: दाराच्या डोक्यावर सुळे लोंबतायत का?

मशिदींच्या कमिट्यांनाही हीच विनंती. जमातच्या तरुणांना उत्साहात छपरावर चढवू नका. प्रवेशदाराच्या वर सुळे असतील तर ती जागा दोरी लावून बंद करा आणि दुसरं दार उघडा.

तळघरात राहणारे आणि तळघर भाड्याने देणारे

नवीन गेलेली आपली बरीच कुटुंबं पहिली काही वर्षं तळघरात भाड्याने राहतात. त्यांचं दार घराच्या बाजूला, चार-सहा पायऱ्या खाली, नेमकं वळचणीच्या धारेखाली असतं. वरचं पाणी त्याच पायऱ्यांवर गोठतं आणि खिडकीच्या खड्ड्यात साचतं. भाडेकरूंनी घाबरून गप्प राहू नये. फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा, मेसेजही चालतो. ऑन्टारियोच्या २००६ च्या भाडेकायद्याने घराच्या दुरुस्तीची आणि देखभालीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे.

आणि आपणच घरमालक असू, तर भाडेकरूने तक्रार करायची वाट बघू नये. भाडं घेतो तेव्हा त्याच्या पायाखालची पायरीही आपल्या जिम्मेदारीत येते.

बर्फ झालाच तर काय करावं?

यंदा माळ्याचं काम राहिलं आणि जानेवारीत बांध तयार झाला, असं होतं. तेव्हा एवढं करता येतं.

छपरावरचा बर्फ जमिनीवर उभं राहून काढा. त्यासाठी लांब दांड्याचं फावडं मिळतं, त्याला रूफ रेक म्हणतात. कडेचे तीन-चार फूट मोकळे केले तरी बांधाला पाणी मिळत नाही. शिंगलांपर्यंत खरवडू नका, बोटभर थर राहू द्या. विजेची तार जवळ असेल तर दांडा उचलूच नका, आणि सुळ्यांच्या बरोबर खाली उभे राहू नका.

बांध झालाच असेल तर जुन्या नायलॉनच्या पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरा आणि तो मोजा वरून खाली, बांधाला आडवा न पडता त्याला छेदून जाईल असा ठेवा. हळूहळू तिथे पाण्याला वाट होते. मोजा शिडीवर न चढता हातात येत असेल तरच हे करा. साधं मीठ छपरावर टाकू नका. उणे नऊ-दहाच्या खाली ते फारसं काम करत नाही, ॲल्युमिनियम आणि खिळे खातं, आणि खालची झाडं मारतं.

घरात पाणी गळत असेल तर माळ्यात सावधपणे एक पंखा ठेवून गळणाऱ्या जागी छपराच्या आतल्या बाजूवर थंड हवा सोडा. तो भाग गोठला की गळती तात्पुरती थांबते. छत फुग्यासारखं खाली आलं असेल तर आधी त्या खोलीची वीज बंद करा, खाली बादली ठेवा आणि बारीक भोक पाडून पाणी सोडा. नाहीतर सगळं छत एकदम कोसळतं. फोटो काढून ठेवा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. बर्फाच्या बांधाचं नुकसान पॉलिसीत येतं का, हे मात्र हिवाळ्याआधीच वाचून ठेवायचं असतं.

मोठा बांध काढायचा असेल तर वाफेच्या मशिनने काढणारे कारागीर बोलवा. ते वाफ वापरतात की जोरदार पाण्याचा फवारा, हे फोनवरच विचारा, कारण फवाऱ्याने शिंगलं उखडतात.

हे अजिबात करू नका: हातोडी-कुऱ्हाडीने बर्फ फोडणं, गॅसची ज्योत लावणं, उकळतं पाणी ओतणं, बर्फाळ छपरावर चढणं. हातोडी शिंगलांना भोकं पाडते, ज्योतीने घराला आग लागते, आणि ओतलेलं पाणी दहा मिनिटांत आणखी बर्फ होऊन बसतं.

तापणारी वायर: किती कामाची?

दुकानात छपराला आणि पन्हळीला लावायची तापणारी वायर मिळते. विकणारा सांगतो, ही लावा आणि विसरून जा. ती उपयोगी आहे, पण शेवटचा उपाय म्हणून. छपराचा आकारच असा असेल की दोन उतार एका कोपऱ्यात मिळतात, किंवा माळ्यात हातच जात नाही, तिथे ती लावावी.

हिशेब करून बघा. शंभर फूट वायर, फुटाला पाच वॅट, म्हणजे पाचशे वॅट. दिवसाला बारा तास चालली तर रोज सहा युनिट, तीन महिन्यांत पाचशे चाळीस युनिट. एवढे पैसे दरवर्षी देऊन बांध फक्त वितळत राहतो, त्याचं कारण जात नाही. लावायचीच असेल तर तापमान पाहून स्वतः कमी-जास्त होणारी वायर घ्या, ती उभ्या पाइपाच्या खालच्या टोकापर्यंत न्या आणि गळतीचा करंट लागताच बंद होणाऱ्या सॉकेटलाच जोडा. वायर फक्त पन्हळीत टाकली आणि उभा पाइप तसाच सोडला, तर पाणी वर वितळून पाइपात गोठतं. पानांच्या ढिगावर ती कधीही ठेवू नका.

शिवाय वायरला वीज लागते. डिसेंबर २०१३ मध्ये टोरोंटोत गोठणाऱ्या पावसाचं वादळ झालं तेव्हा सुमारे तीन लाख वीजग्राहक अंधारात गेले आणि काही घरांत कित्येक दिवस वीज आली नाही. तेव्हा तापणारी वायर आणि भट्टी दोन्ही बंद पडतात. फटी बुजवलेलं, चांगली गादी असलेलं घर मात्र तशा रात्रीही बराच वेळ ऊब धरून ठेवतं.

वर्षाचं वेळापत्रक

फ्रिजवर लावून ठेवा.

* सप्टेंबर: माळ्यात डोकावणं, इन्सुलेशन मोजणं, फटी बुजवणं, पंख्यांच्या नळ्या तपासणं. कारागीर याच महिन्यात सांगून ठेवा, नंतर ते मिळत नाहीत.
* ऑक्टोबर: पन्हळीचे आकडे, सांधे, उतार. उभ्या पाइपाचं तोंड कुठे आहे ते बघणं. विम्याची पॉलिसी वाचणं.
* नोव्हेंबर: पानं गळाल्यावर पन्हळ साफ करणं, पाणी सोडून बघणं, पिंप रिकामं करणं. रूफ रेक आणि कॅल्शियम क्लोराइड आणून ठेवणं.
* डिसेंबर ते मार्च: मोठा बर्फ पडला की कडेचे तीन-चार फूट मोकळे करणं. रोज संध्याकाळी पायऱ्या बघणं. छपरावर काळे पट्टे कुठे दिसतात त्याचे फोटो काढून ठेवणं.
* एप्रिल: निखळलेलं दुरुस्त करणं, आणि हिवाळ्यातले फोटो बघून यंदा माळ्यात काय करायचं ते ठरवणं.

गावाकडे राहणाऱ्या आई-वडिलांनाही एक सांगायचं आहे. मुलाने पुढच्या वेळी बर्फाच्या झुंबराचा व्हिडिओ पाठवला, तर "माशाअल्लाह, किती छान" म्हणण्याबरोबर एक प्रश्न विचारा: "बाळा, माळ्यावर जाऊन बघितलंस का?" मिरगाआधी पन्हळ साफ करायला तुम्ही त्याला कधीतरी शिडी धरायला लावलं असेल. ती शिस्त त्याला नवीन नाही, फक्त महिना बदललाय.

अल्लाह आपल्या सगळ्यांची घरं आणि घरातली माणसं सलामत ठेवो. आमीन.